नाव न सांगितलेलं औषध

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. कुणाच्या पाहुण्याला आलेला अनुभवही नाही. हे माझ्या हातून झालंय, म्हणून खरं आहे.

तुम्हाला पटलं नाही तर नाही. मलाही पटलं नसतं तर बरं झालं असतं.

साल १९९७. नोव्हेंबर महिना. शारजाहून आत गेलं की धैद लागतं. ते ओलांडून मसाफीच्या रस्त्याला एक शेत होतं. खजुराची झाडं, शंभरावर शेळ्या, पाच घोडे आणि आम्ही दोघं कामाची माणसं.

काळोखातली गोष्ट नाही ही. झालं ते सगळं शुक्रवारी, भर दुपारी बारा ते चारच्या मधे झालं. तिकडची दुपार ज्यानं काढलीय त्याला कळेल... त्या वेळी पाखरूसुद्धा तोंड उघडत नाही.

मी दगडू. गाव माण तालुक्यात. शेतावर माझं काम तण काढायचं.

पाण्याच्या पाटाकडेनं तिथं धोतरा फार माजायचा. पांढरी कर्ण्यासारखी फुलं, काटेरी बोंडं, आपल्याकडे असतो तसाच. अरबाबचा, म्हणजे मालकाचा, हुकूम होता की धोतरा दिसला की मुळासकट उपटायचा आणि त्याच दिवशी खड्ड्यात जाळायचा. मी येण्याआधी एकदा तो वैरणीत वाळून गेला होता आणि सात शेळ्या गेल्या होत्या. ओला धोतरा शेळी हुंगते आणि सोडते. वाळला की वास मरतो. विष मरत नाही.

मी जाळायचो. पण सगळा नाही.

माझी आत्या मुक्ताबाई झाडपाल्याची औषधं द्यायची. जनावरांना आणि माणसांनाही. दम्याला ती धोतऱ्याचं पान वाळवून, चिमूटभर बिडीत घालून ओढायला लावायची. मला तिनंच शिकवलं. आदल्या संध्याकाळी झाडापाशी हळद-तांदूळ ठेवून त्याला आमंत्रण द्यायचं. तोडताना आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. औषधाचे पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत.

आणि घेणाऱ्याला झाडाचं नाव सांगायचं नाही. नाव सांगितलं की गुण गेला.

मी हे सगळं पाळायचो. पानं हातानं चुरून अशी बारीक करायचो की बघून कुणाला ओळखू येऊ नयेत.

शारजातल्या रोल्लाकडची पोरं शुक्रवारी माझ्याकडे यायची. बांधकामावरची. कुणाची पाठ, कुणाचं पोट, कुणाच्या हाताला सिमेंटनं पडलेल्या भेगा. माझ्या जोडीचा अलीमियाँ हैदराबादचा, शेळ्या सांभाळायचा. तो मला हकीमसाब म्हणून चिडवायचा. म्हणायचा, हकीमसाब, आज दवाखाना कितने बजे खुलेगा?

त्या पोरांत एक प्रकाश होता. लांज्याचा. सव्वीस वर्षांचा. सिमेंटच्या धुळीनं त्याला दमा लागला होता. श्वास घेतला की छातीतून बारीक शिट्टी वाजायची. कंपनीत खोकायची त्याला चोरी होती. फोरमन टीबी समजेल आणि व्हिसा खलास करून घरी धाडेल, ही त्याला भीती. घरी आई एकटी, कावेरीबाई. तिला याच्याशिवाय कुणी नव्हतं.

मसाफीच्या बाजाराला जाणाऱ्या पिकअपमधून तो यायचा. मोठ्या रस्त्याला उतरायचा आणि वाळूतून चालत फाटकापाशी. फाटकाची साखळी वाजायची, आमचा कुत्रा भुंकायचा, मग ती शिट्टी ऐकू यायची. शिट्टी ऐकली की मी चहा ठेवायचो.

पहिल्या पुडीनं त्याला आराम पडला. दुसऱ्या पुडीनंतर तो शेतात पळून दाखवू लागला.

"मामा, हे आहे तरी काय?" त्यानं एकदा विचारलं.

"गुण येतोय ना? मग झालं."

"औषध आहे का सरकारी गुपित? आमच्या कंपनीचं ड्रॉइंगसुद्धा एवढं कुणी लपवत नाही."

मी हसलो. सांगितलं नाही.

अरबाबच्या घोड्यांना बघायला महिन्यातून एकदा एक डॉक्टर यायचा. आयर्लंडचा. ठिकठिकाणच्या तबेल्यांतल्या पोरांकडून मोडकं हिंदी शिकलेला. एकदा माझ्या खोलीच्या पत्र्यावर वाळत टाकलेली पानं त्यानं बघितली. खाली उतरवायला लावली.

मग तिथंच सावलीत बसून त्यानं मला त्याच्या मुलखाची गोष्ट सांगितली. त्यांच्या कुरणात पिवळ्या फुलांचं एक तण येतं. ओलं असेतो घोडा त्याला तोंड लावत नाही, पण वाळलेल्या गवतातून गेलं की घोड्याचं काळीज पोखरतं. त्याच्या मामाची घोडी तशीच गेली होती. गावात झाडपाल्यावाला म्हातारा होता. तोही औषधाचं काही घ्यायचा नाही. त्याला धन्यवाद म्हणायचीही बंदी होती. आणि त्यानं कधी कुणाला झाडाचं नाव सांगितलं नाही.

मी मनात म्हटलं, म्हणजे गोऱ्यांच्या मुलखातही नियम हाच. आत्या बरोबर होती.

डॉक्टर पुढं जे बोलला ते मी ऐकूनही ऐकलं नाही. तो म्हणाला होता, "वो बूढा भी देखा मैंने, मरी हुई घोड़ी भी देखी. ये सब जलाओ, दगडू. आज."

त्याच्यासमोर मी पानं जाळली. माझ्या पेटीत तेवढीच आणखी होती.

नोव्हेंबरात अरबाबच्या घरी लग्न निघालं. पुढचे दोन शुक्रवार मला सवड नव्हती. म्हणून प्रकाशला मी एकदम मोठी पुडी बांधून दिली. सांगितलं, रोज चिमूटभर, बिडीतून.

तो गेला. फाटकाची साखळी वाजली. जाताना त्याच्या छातीतून अजिबात आवाज नव्हता.

पुढच्या शुक्रवारी दुपारी साडेबाराला तबेल्यातला फोन वाजला. मंडपाच्या कामाला आसपासची सगळी माणसं अरबाबच्या घरी गेलेली. शेतावर मी एकटा.

फोनवर धनंजय होता, प्रकाशच्या खोलीतला. मागं बरीच माणसं बोलत होती.

त्यानं भराभर सांगितलं. त्या आठवड्यात त्यांच्या कॅम्पात एक गादी जळाली होती. सुपरवायझरनं खोलीत विडी-काडी बंद केली. मग प्रकाश सकाळी म्हणाला, मामाचं औषध आहे, ओढलं काय आणि प्यायलं काय. अर्धी पुडी त्यानं चहासारखी उकळली आणि प्यायला. आता इस्पितळात होता. अंगाची आग होत होती. तोंड लालबुंद. पाणी मागत होता आणि गिळता येत नव्हतं. कुणाला ओळखत नव्हता. हवेतून काहीतरी वेचत होता.

"डॉक्टर विचारतायत काय पाजलं," धनंजय म्हणाला. "नुसतं नाव सांगा, मामा. बाकी काही नको."

मला त्याच क्षणी कळलं होतं काय झालं ते.

कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की धोतरा पोटात घ्यायचा नसतो. प्रकाशला नाव माहीत असतं तर त्यानं ती पुडी भांड्यात टाकलीच नसती.

आत्याचा नियम डोळ्यांपुढं आला. मी त्याच नियमामागं लपलो. खरं सांगतो, मला भीती दुसरीच होती. पोलीस, अरबाब, व्हिसा. परवानगी नसताना औषध दिलं म्हणून मला आत टाकतील.

"अडुळसा," मी म्हटलं. "अडुळसा आणि ओवा."

"दुसरं काही नाही ना?"

"नाही."

"नक्की ना, मामा?"

"नक्की."

डॉक्टरांनी त्यांच्या परीनं सगळं केलं. दम्याचे उपचार केले, तापाचे केले. चारच्या सुमाराला प्रकाश गेला.

आठ दिवसांनी धनंजय मला भेटायला शेतावर आला. माझे हात हातात घेतले. म्हणाला, दमा काळजापर्यंत गेला होता म्हणतात, तुम्ही त्याच्यासाठी केलंत हेच खूप. उरलेली पुडी त्यानं मला परत आणून दिली. खोलीत ठेवायला नको वाटतं म्हणाला.

ती पुडी मी खड्ड्यात जाळली. मुळासकट सगळा धोतरा उपटला. पेटी झटकून पुसली. एक पानसुद्धा ठेवलं नाही.

पुढच्या महिन्यात आयरिश डॉक्टर आला. मी सहज विचारल्यासारखं केलं, धोतरा माणसाच्या पोटात गेला तर काही इलाज आहे का?

तो घोड्याचा खूर तपासत होता. हात थांबले. खूर सोडून त्यानं माझ्याकडे बघितलं.

"इलाज है," तो म्हणाला. "पहले मालूम होना चाहिए क्या खाया."

आणखी काही विचारलं नाही त्यानं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यातला शुक्रवार. मी जेवून खोलीबाहेर खाटेवर आडवा झालो होतो. शेळ्या सावलीत रवंथ करत होत्या. वारा नव्हता.

फाटकाची साखळी वाजली...

कुणी आलं असेल म्हणून मी कुत्र्याच्या भुंकण्याची वाट बघितली.

कुत्रा भुंकला नाही.

मी मान वर करून बघितलं. कुत्रा उभा होता. वाटेकडे तोंड करून शेपूट हलवत होता. ओळखीच्या माणसाला बघून हलवतो तसा.

वाट रिकामी होती.

मग रवंथ थांबलं. एका शेळीचं नाही... सगळ्यांचं. एकदम.

आणि त्या शांततेत ती शिट्टी ऐकू आली. छातीतली. बारीक.

आत... बाहेर... आत... बाहेर...

माझ्या खाटेच्या डोक्याशी खजुराच्या झावळ्यांची भिंत होती. आवाज त्या भिंतीच्या पलीकडून येत होता. हाताच्या अंतरावर.

मी उठलो नाही. डोळे मिटून पडून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. केव्हातरी शेळ्यांचे जबडे पुन्हा हलू लागले.

उठून भिंतीमागं गेलो. तिथलं अंगण मी रोज सकाळी झावळीनं झाडायचो, वाळूवर रेघा उठायच्या. त्या रेघांवर बुटांचे ठसे होते. कामावरचे जाड तळव्याचे बूट. फाटकापासून भिंतीपर्यंत आलेले.

परत गेलेले नव्हते.

मी मनाची समजूत घातली. उन्हानं भ्रम झाला असेल. ठसे मी झाडून टाकले.

अलीमियाँ ऑक्टोबरपासून सुट्टीवर गावी होता. तो जानेवारीत परत आला. त्याला प्रकाशचं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडून ते नावच निघायचं नाही.

आल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी तो नमाज पढून आला. मी पाटावर होतो. दोन वाजले असतील. लांबूनच त्यानं मला हाक मारली.

"हकीमसाब, मेहमान को धूप में बिठाके कहाँ घूम रहे तुम?"

मी विचारलं, कोण मेहमान?

"अरे तुम्हारा वो दमेवाला बच्चा. मुँह देखो उसका, लाल हो गया धूप से. पानी माँगा, मैंने घड़ा दे दिया. पूरा पी गया यारो. फिर भी माँग रहा था."

मी विचारलं, काही बोलला का तो?

अलीमियाँनं डोकं खाजवलं. म्हणाला, पाण्याचं सोडून काही नाही. हवेत हात करून काहीतरी पकडत होता, माश्या असतील.

मी धावत गेलो. खाटेपाशी कुणी नव्हतं. माठ जागेवर होता. मी झाकण उचललं...

माठ काठोकाठ भरलेला होता.

अलीमियाँला मी तेव्हा सांगितलं की प्रकाश नोव्हेंबरातच वारला. तो जमिनीवर बसला. नंतर त्यानं आपली खाट तबेल्याकडे हलवली आणि मला पुन्हा कधी हकीमसाब म्हणाला नाही.

फेब्रुवारीत आणखी एक झालं.

मोठ्या रस्त्यापासून फाटकापर्यंतची वाट कोरडी वाळू होती. तिथं पाट नाही, पाण्याचा थेंब नाही. त्या वाटेवर धोतरा उगवला. इकडे-तिकडे नाही... माणसाच्या पावलांच्या अंतरानं एकेक रोप. डावं, उजवं. डावं, उजवं.

बी वाऱ्यानं पडलं असेल, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. उपटून जाळलं. पंधरा दिवसांत पुन्हा तिथंच. तसंच.

आणि एका दुपारी भिंतीपलीकडची ती शिट्टी थांबली आणि आवाज आला. रागाचा नव्हता. नेहमीसारखाच, थोडा मस्करीचा.

"मामा... काय दिलंत?"

मी कानावर हात ठेवले.

तेव्हापासून दर शुक्रवारी तो विचारायचा. एकदाच. मी उत्तर दिलं नाही की पुढच्या शुक्रवारपर्यंत शांतता. एक वर्ष. दोन वर्षं. तीन वर्षं. उत्तर एका शब्दाचं होतं आणि तो शब्द मी काढत नव्हतो. वाटायचं, एकदा बोललो की ते खरं होईल. जणू तोवर खोटं होतं.

मला वाटू लागलं की कावेरीबाईंना कळवावं. पण मी अंगठेबहाद्दर. माझी पत्रं नेहमी दुसरं कुणीतरी लिहायचं. असलं पत्र कुणाला सांगून लिहून घेणार? म्हणून वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पाटी घेतली. रोल्लात प्रज्ञाबाई म्हणून एक मराठी बाई होत्या, त्या शुक्रवारी सकाळी आमच्यासारख्यांना शिकवायच्या. त्यांची लेक मला बघून आईला इंग्लिशमधे काहीतरी विचारायची आणि हसायची. पाचवीतली पोर ती, तिचं काही चुकलं नाही.

दोन वर्षं लागली. २००२ साली मी पत्र लिहिलं. दीड पान. त्यात सगळं होतं, धोतरा हा शब्दही होता. पाकिटावर पत्ता घातला.

टपालात टाकलं नाही. दर आठवड्याला म्हणायचो, इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात.

मग धनंजयकडून कळलं की कावेरीबाई गेल्या. शेवटपर्यंत त्या म्हणत होत्या, पोराला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायला हवं होतं, माझीच चूक झाली. पाच वर्षं त्या बाईनं माझी चूक स्वतःच्या अंगावर वागवली आणि मी खिशात पत्र घेऊन हिंडत होतो.

२००३ च्या मार्चमधे माझा व्हिसा संपला. शेवटचा शुक्रवार आला. मी ठरवलं होतं की आज सांगायचं. एका शब्दाचं तर काम. त्यालाही सुटू दे, मलाही.

बारा वाजून गेल्यावर मी खाटेवर बसलो. झोपलो नाही. तोंड भिंतीकडे केलं.

साखळी वाजली...

कुत्रा म्हातारा झाला होता. बसल्या जागी त्यानं शेपूट आपटलं.

रवंथ थांबलं...

शिट्टी आली. जवळ आली. झावळ्यांच्या पलीकडे थांबली.

"मामा... काय दिलंत?"

मी बोललो. मोठ्यानं बोललो.

"धोतरा. प्रकाश, धोतरा दिला होता मी तुला."

शिट्टी थांबली.

खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एका शेळीचा जबडा हलला. दुसरीचा हलला. पाटातलं पाणी वाहतंय हे मला पुन्हा ऐकू येऊ लागलं. मी रडलो. वाटलं, सुटलो. पाच वर्षांत मला पहिल्यांदा भूक लागली होती.

मी उठायला खाटेवर हात टेकला.

आवाज भिंतीपलीकडून आला नाही या वेळी. अलीकडून आला. माझ्या कानापाशी. गरम श्वास लागला मला.

"मग मी जिवंत होतो तेव्हा का नाही सांगितलंत?"

मी वळून बघितलं. कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी विमानात बसलो. आता गावी असतो. औषध देत नाही. कुणी मागायला आलंच तर सरकारी दवाखान्याची वाट दाखवतो. बांधावरचा धोतरा आम्ही काढतो, तो सगळीकडेच येतो, त्याचं मला काही नाही.

पण शुक्रवारी दुपारी मी कुणाशी बोलत नाही. घरातल्यांना सवय झालीय. सून ताट झाकून ठेवते. त्या वेळी आमच्या गोठ्यातली जनावरं रवंथ थांबवतात, हे तिनंही बघितलंय. का, ते तिनं विचारलं नाही.

तो येतो. तेवढंच विचारतो.

मी पुष्कळ उत्तरं जुळवून ठेवली आहेत. भीती होती म्हणून. आत्यानं शिकवलं होतं म्हणून. तू मरशील असं वाटलं नव्हतं म्हणून. एकेक करून सगळी देऊन बघितली.

प्रत्येक उत्तर तो शांतपणे ऐकून घेतो.

आणि पुन्हा विचारतो.